पेजेच्या वेळेवर समुद्र

मृणाल फोनवर म्हणाली, "ये. पण वाटेत कुणाशी भांडायचं नाही. इथे आल्यावरही नाही. मग बोलू." एवढ्यावर आमची सहल ठरली. लोक महिना महिना प्लॅनिंग करतात, मी तासाभरात आत्याला पटवलं.

आधी ओळख करून देतो. मी ओंकार, राहणार दहिवली, कर्जत. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं. कारण भांडण, तपशील नको. सध्या चौक गावी मामांच्या गॅरेजमध्ये हाताखाली असतो. हे मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जुन्या हायवेवरच्या ट्रकांची कामं करता करता त्यांनी एक थकलेला टेंपो घेतला आणि वर्षभर खपून त्याचं मोटरहोम केलं. आत दोन बाकं, रात्री त्यांचेच पलंग होतात. मागे शेगडी आणि बेसिन, टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना आत्याच्या जुन्या साड्यांचे पडदे. भाड्याने द्यायचा विचार होता, पण त्याआधी कुणीतरी लांबवर फिरवून आणायला हवं होतं. मी हात वर केला. लताआत्या म्हणाली, "सैपाकघर कसं चालतंय ते मला बघायचं हाय. मी बी येते."

मृणाल खालापूरची. श्रीवर्धनकडच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिच्या घरच्यांनी पनवेलचं स्थळ आणलं होतं, रविवारी मंडळी बघायला येणार होती. त्याच्या आत मला तिला भेटायचं होतं. हे मी आत्याला सांगितलं नव्हतं. खालापूर ओलांडेपर्यंत तिनेच मला सांगितलं.

"ती मृनाल. तिला भेटाया चाललास ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. फोन आल्ता मला. म्हनाली, आत्या, वाटेत कुनाशी भांडला तर मला सांगा. मी खोटं सांगायची नाय हं, ओम्या."

म्हणजे माझी परीक्षा होती आणि पर्यवेक्षक शेजारच्या सीटवर डबा उघडून बसली होती.

रस्त्याचं सांगतो. चौकहून निघून खोपोली, तिथून पालीचा रस्ता धरायचा. जानेवारीत हा रस्ता छान असतो. भात निघून गेलेलं, बांधाबांधावर पेंढ्याच्या उडव्या, मोकळ्या वावरात वाल हिरवागार. डोंगर एकदा डावीकडे आले की पालीपर्यंत सोबत सोडत नाहीत. मोटरहोम चढाला दमतं, पण दमू द्यावं. मागच्यांना हात दाखवून पुढे जाऊ द्यावं. पालीच्या अलीकडे आत्याने गाडी थांबवायला लावली आणि बांधावरून भांबुर्डीचा पाला तोडून पिशवी भरली. घरून मडकं आणि त्यात भाजायला वालाच्या शेंगा आणल्याच होत्या. "येवढं लांब जायचं आनि पोपटी नाय लावायची?" असं तिचं म्हणणं.

पुढे वाकणला गोवा हायवे लागतो. कोलाडला डिझेलच्या रांगेत होतो तेव्हा एक पांढरी गाडी शेजारून येऊन सरळ आमच्या पुढे घुसली. मी दार उघडलं, एक पाय खाली.

आत्या शांतपणे चकली मोडत म्हणाली, "जा, जा. मी हाय हितंच. समदं बघतेय."

पाय आत घेतला. त्या पांढऱ्या गाडीवाल्याला कधीच कळणार नाही की त्या दिवशी तो कुणामुळे वाचला.

माणगावला उजवीकडे वळलं की जग बदलतं. म्हसळ्याच्या आधीचा घाट छोटा आहे, पण वळणं अशी की शेगडीवरची किटली या टोकापासून त्या टोकाला जाते. मामांनी भांड्यांना फळीची कड लावली नव्हती. तुम्ही असं काही करणार असाल तर कड लावा. दोन्ही बाजूंना दाट रान, मधूनच एखाद्या वाडीची कौलं. म्हसळ्यानंतर कधी हवेला मिठाचा वास येऊ लागतो ते कळत नाही. आत्यालाच आधी आला. "सुकट वाळतंय कुठंतरी," ती म्हणाली.

दिवेआगर आणि श्रीवर्धन यांच्यामधल्या किनाऱ्याच्या रस्त्यावर एका लहानशा गावाच्या सुरूच्या बनात आम्ही मुक्काम टाकला. जागेच्या मालकिणीने संडास-बाथरूम वापरायचे थोडेसे पैसे घेतले आणि पाण्याची टाकी फुकट भरू दिली. समोर वाळूची पुळण. सुरूतून वारा जातो तेव्हा दुरून पाऊस आल्यासारखा आवाज होतो. आत्या पलंगावर आडवी होऊन म्हणाली, "चांगलं हाय रं. घर बी हाय आनि घरचं कोनी नाय."

सकाळी चहा घेऊन दार उघडलं तर पाणी पार वरपर्यंत, सुरूच्या अलीकडच्या वेलींच्या थोडंच खाली आलेलं. चहा संपेपर्यंत ते मागे सरकायला लागलं. अंघोळी होईस्तोवर समोर एवढी रुंद, कडक वाळू उघडी पडली की पोरांनी स्टंप ठोकले. मी मनात वेळ पक्की केली.

इथे आमच्या कर्जतकरांचं एक सांगायला हवं. आमच्या पेज नदीला वरच्या वीजघरातून पाणी सुटतं, तेही ठरल्या वेळेला. कपडे धुणाऱ्या बायका, गुरं पाण्यावर नेणारे, पोहायला जाणारी पोरं, सगळ्यांच्या अंगात ती वेळ भिनलेली असते. काल जेव्हा पाणी चढलं तेव्हाच आज चढणार. समुद्राचं पाणी कुणी सोडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं आणि अंगात भिनणं यात फरक असतो.

त्या दिवशी दुपारी श्रीवर्धनला गेलो. मृणाल हॉस्पिटलच्या फाटकाशी आली, निळ्या गणवेशात, केस घट्ट बांधलेले. चार महिन्यांनी बघत होतो. काय बोलायचं ते सगळं पाठ करून गेलो होतो, त्यातलं पहिलं वाक्यही आठवलं नाही.

"जेवलास?" तिने विचारलं.

"हो. तू?"

"माझी आजपासून नाइट आहे. परवा सकाळी सुटले की सुट्टी. तेव्हा येते तुमच्याकडे." मग गाडीच्या खिडकीतून आत डोकावून, "आत्या, रिपोर्ट काय?"

"आजून तरी पास हाय," आत्या म्हणाली.

मधला दिवस आम्ही नुसता घालवला. प्रवासात असा एक दिवस ठेवाच. सकाळी लवकर मागच्या डोंगरावर चढलो. वरून एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि समुद्र इतका गप्प की त्यावरची होडी कुणीतरी ठेवून दिल्यासारखी. दुपारी गावातल्या खानावळीत सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. मुंबईच्या मानाने दर बरे. सोलकढी दुसऱ्यांदा मागितली की पैसे लावत नाहीत. संध्याकाळी आत्या सुकट वाळवणाऱ्या एका मावशींशी गप्पा मारत बसली. मी मात्र सकाळचा बेत आखत होतो. मृणाल रात्रभर जागून येणार. गाडी पुळणीवर न्यायची, मागची दारं समुद्राकडे उघडायची, आत गरम पोहे. तिने नुसतं बाकावर बसायचं आणि समोर बघायचं.

सकाळी पाणी वर होतं, पहिल्या दिवसासारखंच. घड्याळ पाहिलं. चहाची वेळ. आता ते उतरणार. मी आत्याला विचारलंसुद्धा.

"उतरंल की," ती म्हणाली. "परवा ह्याच येळेला उतरलं."

गाडी खाली घेतली. सुकटवाल्या मावशी वरून ओरडल्या, "ओ दादा! नको नेऊ, पानी भरतंय!"

"उतरतंय, मावशी. बघितलंय मी."

"अरे, भरतंय! अमावस जवळ आली!"

आणि पारा चढला. गाडीचा नव्हे, माझा. "मावशी, तुम्ही तुमची मासळी बघा ना. आम्ही काय काल आलो नाही इथे."

"तेरवा आलास," त्या म्हणाल्या. "दिसतंय."

पोहे परतेपर्यंत पहिली लाट मागच्या चाकाला लागली. दुसरी चाकाखालून वाळू घेऊन गेली. गाडी सुरू केली, चाक जागच्या जागी फिरलं आणि आणखी खाली बसलं. आत्या कढई हातात घेऊन खाली उतरली, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. "ओम्या, पेज नाय रं ही!"

तेवढ्यात सुरूच्या बनातून मृणाल आली. रात्रीची ड्युटी तिच्या डोळ्यांत होती. ती थांबली, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग चपला काढल्या, पिशवी मावशींच्या चटईवर ठेवली आणि सरळ पाण्यात.

"सिलिंडर आधी," ती म्हणाली. "मग गाद्या."

मी सिलिंडर खांद्यावर घेतलं, तिने गादी डोक्यावर. येताना जाताना आम्ही एकमेकांच्या बाजूने जात होतो. वर मावशी उभ्या होत्या. त्यांच्या भावाकडे होड्या ओढायचा ट्रॅक्टर आहे, हे आत्याला कालच्या गप्पांत कळलं होतं. पण त्या ट्रॅक्टरसाठी मला त्यांच्यापुढे जाऊन उभं राहावं लागणार होतं. इतकी लांब पुळण मी आयुष्यात चाललो नाही.

"मावशी, मघाशी तुम्हाला बोललो ते चुकलं. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही."

"चुकलं ते गाडी बघूनच कळलं," त्या म्हणाल्या. "भावाला फोन केलाय कधीच. दोर धर आता."

ट्रॅक्टर आला, बरोबर दहा-बारा माणसं आली. "गाडी धुवायला आनली काय रं?" "नाय, पोहायला शिकवतोय." मीही हसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दोर ताणला, सगळ्यांनी मागून खांदा लावला, आणि आमचं घर कुरकुरत वर आलं. पाणी त्यानंतरही बराच वेळ चढत राहिलं. मृणालने समजावून सांगितलं की भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. तुम्ही माझ्यासारखे घाटाच्या पायथ्याचे असाल तर हे लिहून ठेवा. आणि त्याहून सोपं म्हणजे गावात विचारा.

ओढणाऱ्यांनी पैसे घेतले नाहीत. मग संध्याकाळी आत्याने पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, रताळी, ओवा-मीठ. मडकं पालथं घालून भोवती सुरूच्या काटक्या आणि पेंढा पेटवला. मावशी म्हणाल्या, आमच्याकडे कोंबडी घालतात, आणि कोंबडी घेऊनच आल्या. दुसरं मडकंही त्यांनीच आणलं. आत्याने मडक्यावर पाण्याचा हात शिंपडला, थेंब चर्र करून उडाले, तेव्हा काठ्यांनी मडकं बाजूला काढलं. वालाची शेंग अशी सोलून, राख फुंकून खायची, मागे समुद्राचा आवाज. कुठल्या हॉटेलात मिळेल?

मृणाल दिवसभर गाडीतच झोपली होती, साडीच्या पडद्यामागे. उठून आत्याशेजारी येऊन बसली.

"आत्या, भांडला का?"

मी शेंग खाली ठेवली.

"भांडला," आत्या म्हणाली. "मावशींना बोलला. मग समुद्राशी भांडला. दोनीकडं हरला."

मावशी हसल्या. मृणाल नाही हसली. मला म्हणाली, "चल जरा." आम्ही ओल्या वाळूच्या कडेने चाललो.

"तू भांडतोस त्याची मला भीती नाही वाटत," ती म्हणाली. "तू ऐकत नाहीस त्याची वाटते. लांबून कोणी सांगत असतं, आणि तुला सगळं आधीच माहीत असतं."

मला खूप काही बोलायचं होतं. तिचं पुढचं ऐकलं.

"रविवारी मी घरी जाणार आहे. तिथे काय सांगायचं ते माझं मी सांगेन. तू यायचं नाहीस. फोन नाही, मित्र पाठवायचे नाहीत, बाइक घेऊन आमच्या गल्लीतून फिरायचं नाही. जमेल?"

"जमेल."

"बघू," ती म्हणाली.

परतीला ताम्हिणी धरला. माणगावहून निजामपूर, मग घाट. रस्ता रुंद आहे, पण वळणावर वेग मोडाच. जानेवारीत धबधबे नसतात. कातळावर नुसत्या काळ्या रेघा राहतात आणि त्यामुळे रान जास्त दिसतं. वर एका वळणावर थांबून चहा केला. आत्या दरीकडे बघत म्हणाली, "ती पोरगी चांगली हाय. पन तू गप बसशील?" मी चहा ओतला. मुळशीच्या पाण्याकडेने, लोणावळ्याहून जुन्या घाटाने खाली उतरलो. खोपोलीत वडापाव. चौकला मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाजवळ वाकले, बोट लावून चाटलं. "मीठ," एवढंच म्हणाले. आत्याने त्यांना सगळं सांगितलं, जरा वाढवूनच.

रविवार आला. चौकहून खालापूर किती लांब? बाइकवर एक गाणं वाजून होईपर्यंत. सकाळपासून मी गाडीखाली पाठीवर पडून पत्र्याचं मीठ घासत होतो. बाइकची किल्ली मीच मामांच्या खिशात टाकली होती.

"आज भाईरच येनार नाय काय रं?" मामांनी वाकून विचारलं.

"नाही."

"जेवाया तरी?"

"इथेच द्या."

दुपार गेली. रस्त्यावरून पनवेलकडून येणारी प्रत्येक गाडी मी चाकांवरून ओळखत होतो. एकही थांबवली नाही. खालचा पत्रा नव्यासारखा झाला, मग मी भांड्यांच्या फळीला कड ठोकली.

सहलीतून काय आणलं, असं कोणी विचारलं तर भांबुर्डीचा वास लागलेली पिशवी, आत्याचे हजार टोमणे, आणि लांबून ओरडणाऱ्या माणसासाठी थांबायची सवय, जी अजून कच्ची आहे. त्या रविवारी गाडीखाली पडल्या पडल्या मी पहिल्यांदा नुसती वाट पाहिली.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. मेसेज होता. हात ग्रीसने माखलेले, नाकाने स्क्रीन उघडली.

"पनवेलच्यांना नकार दिला. घरी आधी वाद झाला, मग बाबांनी तुझं विचारलं, मुलगा करतो काय. मी म्हटलं, गाड्या बुडवतो आणि काढतो. पुढच्या रविवारी भरती संध्याकाळी आहे. मावशींना विचारून घेतलंय. गाडी वर लाव."