सतरा नंबरचा बिल्ला

सुमनला सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहिलो, तिला नाही सांगितलं. पोरींना नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या दारात येणार नाही. जो येतो त्याचीच मला भीती वाटते.

मी सातवी शिकलेला माणूस. हात लिहायला वळत नाही. पण अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली, त्यातली सोळा सुपरवायझर म्हणून. अख्खं डिपार्टमेंट मला नाना म्हणायचं. माझा आवाज आला की बिड्या विझायच्या.

गेल्या वर्षी कंपनीने मला परत बोलावलं. नव्या सुपरवायझर पोरांचं ट्रेनिंग होतं. पुण्याच्या एका मॅडमनी फळ्यावर लिहिलं – माणसं चालवणारे तीन प्रकारचे असतात. एक नुसता हुकूम सोडतो. एक सगळ्यांना विचारून करतो. एक सगळं माणसांवर सोडून देतो. मग एका पोराने विचारलं, "काका, तुम्ही कुठल्यातले?" सगळे हसले. मी म्हणालो, मी बापासारखा. टाळ्या पडल्या. शाल दिली, नारळ दिला. घरी आलो तर सुमनने ती शाल स्वतःच्याच खांद्यावर घेतली आणि आरशात पाहिलं.

बापासारखा! तोंडातून कसं निघालं माझ्या?

आता बिल्ल्याचं सांगतो. आमच्याकडे मोठी भांडी असतात, दोन माणसं उंच, आत लोखंडी पंखा फिरतो. माल काढला की माणसं आत उतरून भांडं खरवडतात. त्याचा एक नियम होता. बाहेर एक फळी, फळीवर खिळे. आत जाणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर आला की आपल्याच हाताने काढायचा. फळीवर एक जरी बिल्ला असला तरी पंखा चालू करायचा नाही. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा – दुसऱ्याने हात लावायचा नाही.

तो नियम मी मोडला. माणसं बिल्ला काढायला विसरायची, चहाला निघून जायची, काम अडायचं. मॅनेजर माझ्यावर ओरडायचा. मग मी सगळ्यांना सांगितलं – बिल्ले माझ्याकडे द्या रे, मीच लावीन, मीच काढीन, तुमचा नाना बसलाय ना इथे. माणसं खूश. मॅनेजर पण खूश. म्हणाला, माणसं अशी सांभाळायची असतात.

त्या दिवशी चौघे आत होते. दुपारचे तीन वाजत आले होते, पाळी बदलायची वेळ. मॅनेजर माझ्या मागे उभा. "नाना, अजून किती?" एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा नुसतं घड्याळ पाहिलं.

तिघे बाहेर आले.

चौथा बळीराम. पालेगावचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्यांच्याकडे कुठल्याही हळदीला ढोलकी त्याचीच असायची. मी त्याला बाहेर येताना पाहिलं नव्हतं. असेल मागेच, गेला असेल पाणी प्यायला – असं मला वाटलं, असं मी लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. मी डोकी मोजली होती. तीन भरली होती. वाकून एक हाक मारायची होती – बळी, आहेस का रे? एवढंच. नाही मारली. मागे मॅनेजर उभा होता आणि मला त्याची भीती वाटत होती. अख्खं डिपार्टमेंट ज्याला घाबरतं तो माणूस एका घड्याळाला घाबरला. मी चारही बिल्ले काढले आणि म्हणालो, चालू कर.

पंखा पाव फेरा फिरला असेल. आतून आवाज आला. तो आवाज मी लिहू शकत नाही.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पण मी जे लपवलं ते हे नाही. ही चूक झाली. पाप त्याच्या पुढे आहे.

चौकशी बसली तेव्हा मी टेबलावर तीन बिल्ले ठेवले. चौथा माझ्या पँटच्या खिशात होता, मांडीला टोचत होता. म्हणालो, बळीरामने बिल्ला दिलाच नाही, तसाच आत उतरला. बाकीच्या तिघांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आणि बळीराम? पट्टी बांधलेला हात छातीशी धरून म्हणाला, "नाना बोलतात म्हंजे मीच इसरलो असन." बिल्ला कुठे गेला ते त्यालाही आठवेना. माझ्या शब्दापुढे त्याला स्वतःच्या हाताची आठवण खोटी वाटली. असं चालवलं होतं मी माणसांना.

मशीनवरून त्याला काढला. मी शब्द टाकला आणि त्याला गेटवर घेतलं. त्यासाठी तो अजून माझे उपकार मानतो. एकोणीस वर्षं झाली. हळदीत आता तो मागे खुर्चीवर बसतो. नव्या कामगारांना सांगायचा, "आपलीच चुकी होती, कोनाला बोलनार? तुम्ही बिल्ला इसरू नका."

कपडे धुताना सुमनला तो बिल्ला सापडला. कोणाचा हा? माझाच, जुना, म्हणालो. तिने तो कपाटाच्या चाव्यांच्या जुडग्यात घातला आणि जुडगा कमरेला खोचला. बिल्ल्यावर सतरा आकडा. माझा नंबर चार, हे तिला माहीत होतं. मग काय समजून ती तो कमरेला लावून फिरली? कधी विचारलं नाही तिने. आणि आता ती नाही. चार महिने झाले. चाव्या माझ्याकडे आल्या.

ती गेल्यापासून बळीराम दर रविवारी माझ्याकडे मोरिवलीला येतो. डबा आणतो, भाकरी आणि सुकटीची चटणी. उरलेल्या दोन बोटांनी माझा चहा गाळतो. तो जिना चढताना ऐकू येतो. मी चाव्या उशीखाली ढकलतो. म्हातारा माणूस, कशाला भितो मी? पोलीस येणार नाहीत, नोकरी जाणार नाही. एक माणूस माझ्याकडे बघायचा थांबेल, एवढंच. तेवढ्याचीच भीती.

मागच्या रविवारी जुडगा खाटेवर राहिला. तो म्हणाला, "नाना, कपाटाची चावी द्या, चादर बदलतो तुमची," आणि हात पुढे केला. तो हात. मी झडप घातली, त्याच्यावर ओरडलो – हात लावू नको! तो दचकला, मग हसला. "अजून सुपरवायझरच हाव तुम्ही!" आणि मळक्या चादरीच्या चुण्या सरळ करत बसला.

मॅडमच्या फळ्यावर तीन प्रकार होते. माझा त्यात नव्हता.

आज शनिवार. सकाळी जुडग्यातून बिल्ला सोडवला, राख लावून घासला. आकडा स्वच्छ दिसतोय. तो आला की दाराजवळच्या खिळ्याला टोपी अडकवतो. तो खिळा मी रिकामा केला आणि त्यावर सतरा नंबर लावला. दोनदा काढला. आता परत लावलाय आणि लांब येऊन बसलोय.

उद्या तो येईल. त्याचा बिल्ला त्यानेच काढायचा.