बाटलीच्या कमरेवरचं पत्रक

एका धंद्यात माणूस फार वर्षं राहिला की त्याच्याकडे ज्ञान साठतं म्हणतात. आमच्याकडे किस्से साठले. हिंगणघाटच्या आमच्या लेबल प्रेसमध्ये दोनच गोष्टींचा ढीग कधी कमी झाला नाही. एक, लेबल कापून उरलेल्या कागदी जाळीचा आणि दुसरा किश्शांचा. जाळी भंगारवाला दर शनिवारी न्यायचा. किस्से न्यायला कुणी येईना, म्हणून मीच आता ते वाटत फिरतो.

प्रेस मोहनशेटची. घराणं सरकीच्या व्यापारातलं, पण शेटजींना छपाईचा नाद लागला आणि तो सुटला नाही. मशीनवर वसंता, अल्लीपूरचा, रोज एसटीनं येणारा. त्याची घरची दोन एकर कपाशी होती, ती तो रविवारी पाहायचा. आणि मी आर्टिस्ट. आधी हातानं आणि मग कॉम्प्युटरवर लेबलं काढणारा. स्वभावानं उतावळा. एक काम हातात घेतलं की दुसऱ्याची काळजी सुरू, आणि दोन्ही झाली नाहीत म्हणून तिसऱ्यावर चिडचिड!

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या एका फवारणी-औषधाच्या कंपनीचे साहेब प्रेसमध्ये आले. त्यांच्या बाटलीबरोबर माहितीचं पत्रक जायचं, पण ते खोक्यात टाकलेलं असायचं. दुकानदार खोकं फोडायचा, पत्रकं कचऱ्यात आणि बाटली गिऱ्हाइकाच्या पिशवीत!

"फवारताना माणूस पडला तर डॉक्टरला हेच पत्रक दाखवायचं असतं," साहेब म्हणाले. "ते खोक्यात राहून काय उपयोग? मला ते बाटलीवरच पाहिजे. लेबलवर चिकटलेलं, पण ओढलं की निघणारं. आणि लेबल फाटता कामा नये."

"होऊन जाईन जी!" शेटजी म्हणाले.

शेटजींचं हे "होऊन जाईन" म्हणजे पुढचे सहा महिने माझी झोप उडणार, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

पहिला नमुना मी टेबलावर केला. खाली लेबल, त्यावर घड्या घातलेलं पत्रक, वरून पारदर्शक प्लास्टिकचा पट्टा. असं देखणं झालं होतं की मी ते शेटजींच्या बायकोलाही दाखवलं. आता टेबल सपाट असतं आणि बाटली गोल असते, हे काय मला माहीत नव्हतं? माहीत होतं. लक्षात नव्हतं.

बाटलीला लावलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग पत्रकाची एक कड हळूच वर आली, मग दुसरी, आणि पाच मिनिटांत सगळं पत्रक उघडून समोर ताठ उभं!

वसंतानं बाटली हातात धरून आत डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "भाऊ, हे त आ करून राह्यलं. टॉन्सिल दिसते का पाहू?"

*

मग मापाचा घोळ झाला. बाटलीचा घेर पट्टीनं कसा मोजणार? मी दोरा गुंडाळून मोजला, तर दोरा दर वेळी वेगळं सांगे. शेटजी म्हणाले, "अरे, बाजूले टेलर बसला आहे ना!" आणि बाटली घेऊन तडक त्याच्याकडे.

टेलर म्हातारा, कमी बोलणारा. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, गळ्यातला टेप काढला आणि बाटलीचं माप सरळ गिऱ्हाइकासारखं घेतलं. वर छाती, खाली कंबर. वहीत लिहिलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "कंबर बारीक आहे शेटजी. छातीच्या मापानं लेबल कापसान त खाली चुण्या पडतीन."

चुण्या! लेबलला खाली पडणाऱ्या त्याच चुण्यांपायी महिनाभर आम्ही गमला शिव्या घालत होतो. कुणी म्हणे गम पातळ, कुणी म्हणे प्लास्टिक खराब. आणि दोष बाटलीच्या बांध्यात! दोन्ही टोकांना सारखी दिसणारी ती बाटली खाली चार सूत अरुंद होती.

मी आनंदानं टेलरचा हातच धरला. त्यानं तो सोडवून घेतला आणि विचारलं, "बाही लावाची का?"

*

चुण्या गेल्या, पण पत्रक आ करायचं थांबेना. कागद बदलला, घडी बदलली. साहेबांचं पत्र आलं की हंगामाआधी जमलं नाही तर काम मुंबईला जाईल. त्या एका कामाच्या भरवशावर शेटजींनी नवं मशीन आणलं होतं. मी दिवसभर येरझारा घालायचो. शेटजी म्हणायचे, "बस न बाबू, फरशी घासून जाईन."

एक दिवस दुपारी वसंता फुटाणे खायला कागदाचा कोन करत होता. रद्दीतलं आमचंच पत्रक. एका बाजूनं गुंडाळलं तर कागद करकरला. त्यानं तो फिरवून दुसऱ्या बाजूनं गुंडाळला, तर मुकाट गोल झाला.

"थांब!" मी ओरडलो. फुटाणे सांडले. "हे काय केलंस?"

"काय केलं? कागद एका अंगानं वयते अन् दुसऱ्या अंगानं भांडते. भांडणारं अंग घ्यावच कायले?"

कागदाला उभं-आडवं अंग असतं, आणि आम्ही सहा महिने ते भांडणारं अंगच बाटलीभोवती गुंडाळत होतो. पान आडवं लावण्याऐवजी उभं लावलं आणि पत्रक बाटलीला असं बिलगलं की बस्स!

शेटजी कपाळाला हात लावून म्हणाले, "काऊन रे वसंता, हे तुले पहिलेपासून मालूम होतं?"

"हो न जी."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुमी मले मशीनचं इचारता. फुटाण्याचं कधी इचारलं?"

*

आता परीक्षा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे गमची सत्त्वपरीक्षाच. साठ बाटल्यांत पाणी भरलं, नंबर टाकले आणि माझ्या घराच्या गच्चीवर रांगेनं मांडल्या. नेमके तेव्हाच वर्ध्याहून सासरे आले. निवृत्त हेडमास्तर. रिकामं बसणं त्यांच्या जिवावर यायचं.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी एक रजिस्टर आखलं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, डोक्याला उपरणं बांधून गच्चीवर हजेरी सुरू! पत्रक चिकटलेलं असेल तर हजर, कड उघडली असेल तर गैरहजर.

"बाबा, जेवायला चला," सुनीता, माझी बायको, जिन्यातून ओरडायची.

"हजेरी झाल्याशिवाय वर्ग सोडता येत नाही!"

चौथ्या दिवशी ते घाम पुसत खाली आले आणि मला म्हणाले, "तुमचा सतरा नंबर आज कान वर करून बसलाय. एकवीस, बावीस त्याच्या नादी लागलेत. मी सतराला वर्गाबाहेर काढलं आहे." पाहतो तो सतरा नंबरची बाटली खरंच जिन्याच्या तोंडाशी एकटी उभी!

पंधरा दिवसांनी जाताना त्यांनी मला रजिस्टर दिलं. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा होता, "प्रगती समाधानकारक. वर्तन चंचल." हा शेरा बाटल्यांचा की जावयाचा, हे सुनीतानं विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

*

त्या दिवसांत माझ्या बोटांना वेगळाच रोग लागला होता. बाटली दिसली की नख लेबलच्या कडेला जायचंच. लोणच्याची असो, खोकल्याच्या औषधाची असो. जाम गावच्या चौरस्त्यावर एका ढाब्यात आमचं जाणंयेणं होतं. तिथल्या सॉसच्या साऱ्या बाटल्या मी महिनाभरात उघड्याबोडक्या करून टाकल्या.

एकदा शेटजींबरोबर तिथे शिरलो, तर मालक गल्ल्यावरूनच ओरडला, "अरे, लेबलवाले आले! टेबलावरून बाटल्या उठवा!"

*

सतरा नंबरनं शिकवलं तसा आम्ही गम कडक केला. इतका कडक की साठच्या साठ हजर. कंपनी खूश. पहिला माल बाजारात गेला. साहेबांना हौस आली की आपलं पत्रक शेतकरी कसं काढतो ते डोळ्यांनी बघू. साहेब, मी आणि वसंता जीपनं कारंज्याला गेलो. तिथल्या कृषी केंद्रात एक काका नुकतीच आमची बाटली घेऊन उभे होते.

"काका, हे पत्रक जरा काढून दाखवता?" साहेब म्हणाले.

काकांनी नख लावलं. निघेना. किल्ली लावली. निघेना. मग त्यांनी सहज, ऊस सोलावा तशी, बाटली तोंडाशी नेली आणि कड दातात धरली.

साहेब किंचाळलेच. मी झडप घालून बाटली हिसकावली. "काका! विष आहे ते! दातानं?"

"मंग काय करू बाप्पा?" काका शांतपणे म्हणाले. "नखं मातीनं घासून गेले. चिपकवलं कोनं एवढं? तुमीच न?"

दुकानदार मान हलवत म्हणाला, "सारेच असे काढते जी."

ज्या पत्रकात विषापासून वाचायचं कसं ते छापलंय, ते पत्रकच लोक तोंडानं ओढत होते आणि ते मी चिकटवलं होतं! तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. प्रत्येक फोनला वाटायचं, आला निरोप.

तोड वसंतानंच काढली. कडेचा बोटभर तुकडा गमशिवाय सुटा ठेवायचा, त्यावर लाल रंग. "शेंडी ठेवा, भाऊ," तो म्हणाला. "शेंडी असली का कोनीबी ओढते."

शेटजींनी कंपनीला पत्र लिहिलं त्यातही शेंडीच लिहिलं, दुसरा शब्द कुणाला सुचेना. आठ दिवसांनी कंपनीच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यानिशी उत्तर आलं, "आपली शेंडी मंजूर करण्यात येत आहे. तथापि ती पाच मिलिमीटरने वाढवावी."

*

शेंडी चालली. दोन हंगाम गेले, लाखांनी पत्रकं गेली.

तिसऱ्या वर्षी पोळ्यानंतरच्या एका रविवारी शेटजींकडे फोन आला. वसंता शेतात फवारताना पडला, वर्ध्याला दवाखान्यात नेलाय. आम्ही मिळेल त्या गाडीनं निघालो. वाटेत मी शेटजींना किमान दहा वेळा विचारलं असेल, "वाचेल ना?" दहाही वेळा ते म्हणाले, "होऊन जाईन." त्या दिवशी त्या शब्दावर चिडायची मला हिंमत झाली नाही.

वसंताची बायको कमल व्हरांड्यात बसली होती.

"तोंडाले फेस आलता, भाऊ. बाटली सारी गळून राह्यलती, घेताच येये ना. मले वाचता त येत नाई. पन घरी बारा महिने ह्यायचं एकच बोलनं, शेंडी धरली का पतरक निंगते. म्हून ओढलं, कनवटीले खोसलं अन् ह्यायले बैलगाडीत टाकलं. डॉक्टरीन बाईनं वाचलं, अन् मंग सुई देली."

सांगायला लाज वाटते, पण नवरा आत पडलेला आणि मी तिला विचारलं, "एका ओढीत निघालं?"

"एका ओढीत, भाऊ."

"लेबल?"

"जसंच्या तसं."

शेटजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि रुमाल डोळ्याला लावला.

तिसऱ्या दिवशी वसंता उशीला टेकून बसला. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या, हातात ते चुरगळलेलं पत्रक. "हे वेळेवर आलं म्हणून वाचलात," त्या म्हणाल्या आणि मग चढ्या आवाजात सुरू झाल्या. "तोंड बांधलं नव्हतं, वाऱ्याकडे तोंड करून फवारलं, मध्येच त्याच हातानं भाकर खाल्ली! यात सगळं लिहिलंय. वाचलं नव्हतं?"

वसंतानं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. कमल मात्र अभिमानानं पुढे झाली. "बाई, हे त ह्यायनंच छापलं! अन् या भाऊनं कॉम्प्युटरवर काढलं!"

बाईंनी आधी वसंताकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्ही तरी वाचलंच असेल."

मला त्या पत्रकातलं काय माहीत नव्हतं? किती घड्या, किती ओळी, कुठल्या भाषेचा मजकूर कुठे संपतो, मराठीची कुठली ओळ घडीवर तुटते, सारं पाठ होतं. वाचलं तेवढं नव्हतं.

बाईंनी पत्रक माझ्या हातात दिलं. "वाचून दाखवा. मोठ्यानं."

मी खाटेशेजारी उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. नाकातोंडाला कापड बांधावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. फवारताना काही खाऊ-पिऊ नये. काम संपल्यावर साबणाने आंघोळ करावी. कमल हनुवटीला हात लावून ऐकत होती. घडी उलटली, मागचं पान आलं. बाजूच्या खाटांवरचे दोघंही उठून बसले.

संपलं. वसंतानं माझ्या हातातलं पत्रक घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाला,

"भाऊ, एवढं सारं लिवलं होतं काय त्यात?"