तिच्या वाट्याची सुपारी

बायको वाळूवर खराट्याने जवळा सुकायला पसरत होती आणि मी कावळे हाकत होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर भांडलो नसतो, असं लिहिणार होतो. खोटं आहे. भांडलोच असतो.

भांडण शर्यतीचं. साठ सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीहून साहेब येऊन सांगून गेला, देशोदेशींच्या शिडाच्या होड्यांची शर्यत पुढच्या वर्षी आमच्या किनाऱ्यावर घ्यायचीय, पण गाव हो म्हणेल तरच. शर्यत ऐन उन्हाळ्यात. मांडव, झेंडे, पाहुण्यांच्या खुर्च्या, सगळं त्याच वाळूवर जिथे बायका मासळी सुकवतात. महिनाभर वाळू बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात ठरायचं होतं. आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. तिच्यातलं काही ठरवायचं झालं की दर घरामागे एक सुपारी. होय असेल तर देवाच्या उजवीकडे ठेवायची, नाही असेल तर डावीकडे. शर्यतीचंही तसंच.

मला शर्यत हवी होती. लग्नाआधी मी शिडाच्या मचव्यावर होतो. वारा भरला की शीड कसं फुगतं, ते तिने किनाऱ्यावरून पाहिलं असेल. मला तिच्या शेजारी उभं राहून दाखवायचं होतं. हे तिला सांगितलं नाही. लाज वाटली.

"होऊंदे गो शर्यत," एवढंच म्हणालो. "महिन्याभराची तर गोष्ट."

"आणि जवळो सुकवू खंय? तुमच्या टकलार?"

"दुसरी जागा बघू."

"बघा! सगळी खडपां, नुसते दगड. पावसात चार म्हयने खाऊचा काय, झेंडे?"

"तुका शिडातला काय कळता?"

"माका वाळूतला कळता. घरात दोघां आसत, एवढा ध्यानात ठेवा. आणि तो कावळो बघा आधी!"

दुपारी जेवायला बसताना तिच्या छातीत कळ आली. बैलगाडी दारात येईपर्यंत संपलं होतं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी मीच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि देवळाकडे गेलो. सुतकात पायरी चढायची नाही, म्हणून खाली रस्त्यावरच थांबलो. रापणीचा म्होरक्या, आमच्यातला सगळ्यांत म्हातारा, मला बघून बाहेर आला.

"अरे, तू कित्याक इलंस? सुतकाच्या घराची सुपारी धरनत नाय."

"सुतक माका. तिका खंयचा? तिची ठेवा."

त्याने मग कमरेच्या चंचीतून स्वतःची एक सुपारी काढली.

"खंय ठेवू?"

उजवीकडे, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"डावीकडे."

"तू तर होय म्हणत होतंस, रे."

"अजून म्हणतंय. पण सुपारी तिची."

तो आत गेला. मी रस्त्यावरून बघितलं, त्याने ती डावीकडेच ठेवली. मग एकेक घर पुढे होत राहिलं आणि डावीकडचा ढीग वाढत गेला. मी उन्हात उभा राहिलो आणि कधीच न येणाऱ्या त्या होड्यांची शिडं एकेक करून तिला दाखवत राहिलो.