नखानं काढलेल्या टिकल्या

आधीच सांगते – भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर मी तोंडावर हसते. लातूरच्या एका हॉस्पिटलात ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर उलटून आलेल्या बायकांना दोन औषधं एकत्र देऊन बघतात, त्याच्या नोंदी माझ्याकडं. कागदावर नसेल तर घडलंच नाही, असं मीच नव्या मुलींना दटावते.

उमरीच्या रुक्मिणकाकूंना लिहिता येत नव्हतं. रोजची गोळी घेतली की आम्ही दिलेल्या कार्डावर त्या तारखेच्या चौकटीत मरून रंगाची टिकली चिकटवायच्या. गाठ बारीक झाली होती. घोर एकच – "माझ्या संगीचं बाळंतपण होऊस्तर जगू द्या, मंग काय बी होऊ दे."

नऊ तारखेला दुपारी तपासणीला आल्या. कार्ड उघडलं आणि मी चक्रावलेच... दहापासून बावीसपर्यंत टिकल्या! त्याही हिरव्या.

"काकू, गोळी घ्यायच्या आधीच?"

"म्या न्हाई लावल्या ओ मॅडम. सकाळी उठले तर व्हत्या. घरात हिरवी टिकली हायच कुठं?"

गोळ्या मोजल्या, बरोबर भरल्या. पण दुसऱ्या दिवशी औषध कंपनीचा माणूस कागद तपासायला येणार होता. चुकीच्या नोंदीवर रेघ मारून सही करायची, मूळ नोंद काढून टाकायची नाही – मला माहीत होतं हो! तरी नखानं एकेक खरवडली.

"राहू द्या ना," काकू हळूच म्हणाल्या. "कुनीतरी दिवस देऊन राहिलं असंल."

मी हसले. तेरा टिकल्या कचऱ्यात टाकल्या.

दहा तारखेला सकाळी त्यांच्या लेकीचा, संगीताचा फोन. रक्तस्राव झाला, नांदेडला नेता नेता आई गेली. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं कधी कधी. मी मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरला. मग वेड्यासारखी कचऱ्याची बादली शोधली, ती कधीच रिकामी झाली होती. सापडल्या असत्या तरी काय केलं असतं मी?

बावीस तारखेला संगीताला मुलगी झाली.

योगायोग म्हणा... मीही म्हणून बघते, जमत नाही. त्या कुणी लावल्या, आजही कळलेलं नाही. परवा संगीता बाळाला घेऊन आईची फाईल न्यायला आली.

"ताई, आई शेवटचं तुमच्याकडंच आली व्हती. काय म्हनली व्हती ओ?"

"काही नाही," मी म्हणाले.