लक्ष ठेवावे

आमच्या घाटमाथ्यावरच्या पोलीस चौकीच्या जमादारांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसावर, जनावरावर किंवा गाठोड्यावर विश्वास ठेवला नाही. मुळशीचा मुलूख जिथे संपतो आणि वाट कोकणात उतरायला लागते, तिथे रस्त्यावर एक आडवा बांबू, कौलारू खोली आणि बाहेर एक बाकडं, एवढंच त्यांचं राज्य. दारूबंदीचे दिवस होते. परवान्याशिवाय तांदूळ चौकीपलीकडून अलीकडे आणायलाही बंदी होती. आमची चारदोन घरांची वाडी नेमकी चौकीच्या पलीकडे, कोकणच्या अंगाला. त्यामुळे सात पिढ्या तिथे राहूनही जमादारांच्या लेखी आम्ही बाहेरचेच.

अंगाने ते किडकिडीत होते, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. हातात टोकाला खाच पाडलेली लोखंडी सळई. पोत्यात खुपसून बाहेर काढली की खाचेत आतल्या मालाचे चार दाणे येत. ही सळई त्यांनी पोत्यांत, पेंढ्यांत, वळकट्यांत आणि एकदा तर एका पाटलांच्या पागोट्यातही खुपसली होती. दुसरं हत्यार म्हणजे त्यांचं नाक. चौकीवर आलेल्या प्रत्येकाने त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ‘हॅ’ म्हणायचं. एका वरातीतल्या नवरदेवाला त्यांनी तीनदा ‘हॅ’ म्हणायला लावलं. वास कसलाच आला नाही, तेव्हा ते करवल्यांकडे वळून म्हणाले, “लग्नाच्या दिशी बी पेला न्हाई? ह्यात कायतरी गोम हाय.”

चौकीवर एक जाड वही असे. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव, गाव, कुठून आला, कुठे चालला, जवळ काय, हे सगळं तीत लिहिलं जाई. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो जमादारांनी कधी कोरा सोडला नाही. सापडलं तर ‘गुन्हा दाखल’, न सापडलं तर ‘संशय आहे. लक्ष ठेवावे.’ तिसरा शेरा त्यांच्या लेखणीला ठाऊकच नव्हता. पावसाळ्याआधी धनगरांचे कळप वर चढत, तेव्हा जमादार मेंढरं मोजून घेत. एका वर्षी खालच्या नाक्याच्या चिठ्ठीपेक्षा एक कोकरू जास्त भरलं.

“हे कुटनं आलं?” जमादारांनी दरडावून विचारलं.

“आईच्या पोटातनं, जमादार,” म्हातारा धनगर म्हणाला. “वाटंतच येली ती.”

“साक्षीदार कोन?”

म्हाताऱ्याने मेंढीकडे बोट दाखवलं. वहीत लिहिलं गेलं: ‘एक कोकरू जादा. संशय आहे.’

घरच्यांनाही सूट नव्हती. दुपारी त्यांच्या कारभारीणबाई भाकरी घेऊन येत, तेव्हा फडकं सोडून, भाजी हुंगून, मगच घास तोंडात जाई. बाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, “येक दिस खरंच इख घालते, मंजी तुमचा जीव थंड हुईल.” जमादारांनी त्या दिवशी पहिला घास हाताखालच्या शिपायाला दिला.

मी पुण्याला कॉलेजात जायला लागलो, तसा त्यांच्या संशयाला माझ्या रूपाने रोजगार मिळाला. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिलाच. एवढी पुस्तकं नेणारा माणूस त्या वाटेने पूर्वी गेला नव्हता. जमादार प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकत. “येवढं वाचून मानूस करतो काय?” ते विचारत. मी म्हणे, “बी. ए. होतो.” “आन् मग?” मी पुस्तकं पुन्हा पिशवीत भरायला लागे. वहीत लिहिलं जाई: ‘पुस्तके सहा, भाकऱ्या बारा. संशय आहे. लक्ष ठेवावे.’

पुण्यात ज्या विधवा बाईंकडे मी राहत होतो, त्या एकदा तापाने अंथरुणाला खिळल्या. त्यांना अन्न जाईना. माझ्या आईने घरचा आंबेमोहोर काढला, उशी उसवून कापसाच्या जागी तो भरला आणि उशी पुन्हा शिवली. “पेज करून घाल माउलीला,” ती म्हणाली. चौकीवर मी उशी काखेत घट्ट धरून उभा राहिलो आणि तिथेच चुकलो. सळई आत गेली. बाहेर आली तेव्हा खाचेत पांढरेशुभ्र चार दाणे होते.

जमादारांनी ते हुंगले. “कुनासाठी?”

मी खरं ते सांगितलं. गुन्हा दाखल झाला असता तर कॉलेज तिथेच संपलं असतं. ते बराच वेळ मिशा चावत बसले. मग शिपायाला म्हणाले, “चूल पेटव.”

“काय करताय जमादार?” मी विचारलं.

“बंदी तांदळाला हाय. शिजल्याल्या अन्नाला न्हाई. बस हितं, आन् शिजीव समदं.”

चौकीसमोर तीन दगड मांडून मी तो सगळा तांदूळ शिजवला. झडतीसाठी थांबलेले चार बैलवाले, शिपाई आणि धनगराची दोन पोरं जेवली. उरलेला पातेलंभर भात डोक्यावर घेऊन मी पुण्याकडे निघालो. बाईंना दुसऱ्या दिवशी त्याचीच पेज करून घातली. जमादारांनी मात्र त्या भाताचं शीतही तोंडात घातलं नाही. वहीत त्यांनी काय लिहिलं, ते मला दिसलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

पदवी मिळाली. पौडला, तालुक्याच्या सरकारी कचेरीत निवडही झाली. पण नेमणुकीआधी चारित्र्याचा पोलीस अहवाल लागे, आणि बाहेरची म्हटली तरी आमची वाडी कागदोपत्री जमादारांच्याच हद्दीत. मी हादरलो. घरी आईने देव पाण्यात घातले. पंधरा दिवसांनी पौडच्या कचेरीत मला बोलावणं आलं. तिथल्या वयस्कर कारकुनांनी चष्मा पुसला आणि अहवाल मोठ्याने वाचला:

“‘सदर इसमावर चार वर्षे संशय आहे. येता-जाता प्रत्येक वेळी झडती घेतली. पुस्तके व भाकऱ्या मिळाल्या. तोंडास वास कधीही आला नाही. एकदा तांदूळ मिळाला, तो आजारी बाईसाठी होता. चौकीसमोर शिजवून घेतला. खोटे बोलला नाही. अद्याप काही सापडलेले नाही. लक्ष ठेवणे चालू आहे.’”

कारकुनांनी कागद खाली ठेवला. “अहो, बाकीच्यांच्या अहवालात ‘वर्तणूक चांगली’ एवढे दोनच शब्द असतात, तेही न बघता लिहिलेले. तुम्हाला चार वर्षं झाडून पाहिलंय. उद्यापासून या कामावर.”

जमादार निवृत्त झाले तेव्हा मी रजा काढून चौकीवर गेलो. खाकी उतरवलेले जमादार धोतर-बंडीत भलतेच लहान दिसत होते. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. कारभारीणबाई पुढे जाऊन झाडाखाली बसल्या होत्या. जमादार आडव्या बांबूपाशी पेटी घेऊन उभे राहिले. नवे हवालदार हसले आणि बांबू वर करत म्हणाले, “जावा की जमादार! तुमाला कोन अडीवतंय?”

जमादार हलेनात. त्यांचा चेहरा असा उतरला होता, की जणू कुणी भर बाजारात त्यांची ओळखच नाकारली. मला ते पाहवेना. मी पुढे झालो.

“पेटी उघडा, जमादार. कुठून आला? कुठे चालला?”

त्यांनी चटकन खाली बसून कडी काढली. दोन धोतरं, तांब्या, पोथी, घोंगडी. मी ‘हॅ’ म्हणायला सांगितलं, त्यांनी म्हटलं. “तळ बघितला न्हाईस,” ते गुरगुरले. मी तळ पाहिला. जुन्या वर्तमानपत्राशिवाय तिथे काही नव्हतं. मग हवालदारांकडून वही मागून मी सगळे रकाने भरले आणि शेवटी थांबलो. तीस वर्षांच्या नोकरीनंतर ह्या माणसाबद्दल काय लिहावं?

“श्येरा कोरा ठिवू नगंस,” जमादार म्हणाले.

मी लिहिलं: ‘संशय आहे. लक्ष ठेवावे.’

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली, मान हलवली, आणि पेटी खांद्यावर टाकून बांबूखालून वाकून गेले. वळणापर्यंत ते दोनदा मागे वळून बघत होते, कुणी बघतंय की नाही ते. मी बघत होतो. वळणाच्या पुढे मात्र मला काही दिसत नव्हतं.