अर्धा इंच कमी

मास्तरांनी चाळीस वर्षं कपडे शिवले आणि चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी खोटं बोलले. दोन्ही कामं त्यांनी अगदी मन लावून केली. गिऱ्हाइकाच्या कंबरेला टेप लावायची, मनात छत्तीस वाचायचं, तोंडाने "चौतीस" म्हणायचं आणि कापताना मुकाट्याने छत्तीस कापायचं. हिरमुसून गेलेलं एकही गिऱ्हाईक त्यांना आठवत नव्हतं.

तयार कपड्यांपुढे दुकान बसलं, तेव्हा भाचीने त्यांना आपल्या प्रयोगशाळेत नेलं. भाची बायोमेडिकल इंजिनिअर. हृदय थकलं की पायांत पाणी साचतं. ती सूज डोळ्यांना दिसायच्या आधी ओळखणारा पायमोजा ती बनवत होती. पाय फुगला की मोज्यातला चांदीचा मुलामा दिलेला धागा ताणला जायचा आणि मोबाइलवर घोट्याचं माप उमटायचं. फक्त तो धागा दर आठवड्याला तुटायचा. मास्तरांनी मोजा उलटा करून पाहिला.

"सरळ टाका घातलाय. ताण आला की तुटणारच. नागमोडी घाला."

धागा परत तुटला नाही. मास्तरांना ओळखपत्र मिळालं आणि महिनाभर ते घरातही त्यांच्या गळ्यात होतं. शेजारच्या खोलीत औषध नॅनोकणांत भरून नेमक्या दुखऱ्या जागी पोचवायचं काम चाले. तिथला माल डोळ्यांना दिसत नसे, त्यामुळे त्या लोकांवर मास्तरांचा फारसा विश्वास नव्हता.

मग चाचणी सुरू झाली. आठ रुग्ण, त्यातली एक मास्तरांची बायको. तिचं हृदय दोन वर्षांपासून कुरकुरत होतं. दर सोमवारी मास्तरांनी घोट्याला टेप लावून आकडा सांगायचा, भाचीने तो लिहायचा आणि मोज्याचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. टेप खरी, मोजा शिकाऊ.

आता सुजलेला पाय पुढे करून कोणी तोंडाकडे बघत बसलं, तर मास्तरांच्या तोंडून मोठा आकडा निघणार कसा? जितकी सूज जास्त, तितकी ते माया जास्त करायचे. यात काही चुकतंय हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सहाव्या सोमवारी भाची म्हणाली, "मामा, मोजा चुकतोय. सूज वाढली की अर्धा-पाऊण इंच जास्त दाखवतो. उद्या त्याला तेवढं वजा करायला शिकवते."

"बरं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको जिना चढताना तीनदा बसली. मोबाइलवर सूज वाढल्याची लाल खूण लागली होती. मास्तरांनी ती दाखवली.

"तो जास्तच दाखवतो हो," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या टेपने सव्वानऊच आहे ना? मग झालं."

काल टेपवर त्यांनी दहा वाचले होते.

बायकोला रिक्षात घालून त्यांनी थेट प्रयोगशाळा गाठली. मोज्याला वजाबाकी शिकवायला भाची संगणकापुढे बसलीच होती.

"थांब. मोजा बरोबर आहे. मी कमी सांगितलं, सगळ्यांचंच. हिचं तर सगळ्यात कमी."

भाचीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "का, मामा?"

"सवय."

"मामीचं खरं किती?"

"दहा."

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

दुपारी तिला दवाखान्यात दाखल केलं. आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. उरलेल्या सात जणांना भाचीने त्याच दिवशी परत मोजलं, स्वतःच्या हाताने. मोजा पास झाला, टेपचे सहा आठवडे रद्द झाले. मास्तरांना शिवणकामापुरतं ठेवलं.

नवव्या दिवशी बायको घरी आली. तिने पाय स्टुलावर ठेवला, मास्तरांनी गुडघ्यावर बसून टेप लावली. आकडा बघून त्यांचे डोळे भरून आले.

"साडेआठ," ते म्हणाले.

"अहो, खरं सांगा."

"साडेआठच आहे."

"माझं मन राखू नका. मी घाबरत नाही आता."

"अगं, शपथ."

तिने त्यांच्या हातातली टेप हळूच बाजूला सारली, मोजा चढवला आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसली. मास्तरांना फार वाईट वाटलं. ते टेप गुंडाळत तिथेच उभे राहिले.

"अहो!" ती हरखून ओरडली. "साडेआठ!"

"वा," मास्तर म्हणाले.