नुसते वाचावे

साध्यात साध्या गोष्टीला चाळीस पानं लिहिणारा माणूस अख्ख्या नालासोपाऱ्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीत ते बी विंगमध्ये राहतात, मी ए विंगमध्ये, आणि वर मी सेक्रेटरी, त्यामुळे पळून जायलाही जागा नाही. जन्मभर एका कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळून ते निवृत्त झाले आणि हौसेनं आमच्या पंपाच्या खोलीत एक छोटा कॉम्प्युटर बसवून दिला. तिन्ही विंगचे व्हॉल्व्ह तो ठरल्या वेळी उघडतो आणि बंद करतो. इथवर सगळं छान. पण त्याचा प्रोग्राम दाखवा म्हटलं की साडूभाऊ चष्मा पुसून चक्क एक निबंध उघडतात. टाकी कधी बांधली, सी विंगला पाणी चढायला उशीर का लागतो, वॉचमनचं त्यावर म्हणणं काय, असं सगळं सविस्तर मराठीत, आणि मधूनमधून कोडचे चारचार ओळींचे तुकडे. "प्रोग्राम आधी माणसानं वाचायचा. यंत्राचा नंबर नंतर," हे त्यांचं मत. एक हुकूम दिला की निबंध मागे राहतो आणि नुसते तुकडे गोळा होऊन यंत्राकडे जातात. तेही सगळे नाहीत. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्यांनी शिक्का मारल्यासारखं लिहून ठेवलेलं असतं, 'यंत्राला द्यावे' किंवा 'नुसते वाचावे'.

ही खोड कॉम्प्युटरपुरती राहिली असती तरी मी सोसलं असतं. एकदा मी जवळच्या वटार गावाला निघालो तेव्हा त्यांनी बाजाराची यादी दिली. दोन पानं. वाडीतली केळी कशी निवडावीत, त्यांच्या लहानपणी सुकेळी कशी वाळत घालायचे, सगळं आलं होतं. रस्त्याकडेला बसलेल्या बाईंनी "घ्या ना, आमच्याच वाडीची आनलीत," असं म्हणून सुकेळ्यांची पुडी पुढे केली, यादीत नाव होतंच, मी घेतली. घरी आल्यावर साडूभाऊंनी पुडी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "अहो सेक्रेटरी, तो परिच्छेद नुसता वाचायचा होता." त्या दिवशी मी बायकोला स्पष्ट सांगितलं, तुझ्या माहेरचा हा एक जावई मला वेडा करणार. ती म्हणाली, "दुसऱ्यानं मला केलंच आहे."

मागच्या महिन्यात टाकीत पाणी अर्धा तास उशिरा यायला लागलं. वेळा बदलायच्या होत्या, म्हणजे तीन आकडे. साडूभाऊ म्हणाले, "आधी का बदलायच्या ते लिहितो. चार दिवस द्या." इकडे लोक रोज माझा जीव खात होते. शेवटी एका संध्याकाळी ते फिरायला गेलेले असताना मी त्यांच्या टेबलापाशी बसलो. आकडे बदलले. बदलताना पाहिलं तर शेवटच्या पानांवर डझनभर तुकडे 'नुसते वाचावे' म्हणून बाजूला बसवलेले. मला वाटलं, एवढं खपून लिहिलंय तर यंत्राला मिळायला नको? सगळ्यांच्या डोक्यावर 'यंत्राला द्यावे' करून टाकलं, हुकूम दिला आणि आपण फार मोठं काम केलं अशा थाटात घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बी विंग कोरडी. साडेसहाला यायचं पाणी दहा वाजता आलं. तळमजल्यावरचा तरुण फोनवर ओरडला, "काका, आंघोळ न करता ऑफिसला निघालोय! ग्रुपवर फुल राडा चाललाय!" दहानंतर मी तावातावानं साडूभाऊंकडे गेलो. चूक माझी होती, त्यामुळे आवाज जास्तच चढला होता. "जुनं झालेलं कोड ठेवताच कशाला तुम्ही? पुसून टाकायला काय होतं?"

त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यासमोर केलं. तिथल्या एका तुकड्याच्या वर लिहिलं होतं, 'हिला आता पहाटे उठवत नाही. मी भरून ठेवलेलं पाणी तिला चालत नाही. दहाला पाणी आलं तर ती हळूहळू नळापर्यंत येते आणि आपल्या हातानं पातेलं भरते. कमिटीची परवानगी घेतली आहे.' माझी थोरली मेव्हणी जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या आजारपणात बी विंगला काही महिने दहाला पाणी यायचं, ती परवानगी मीच दिली होती, आणि मीच साफ विसरलो होतो. मला खरोखर लाज वाटली. "आज दहाला नळ वाजला," साडूभाऊ म्हणाले, "तेव्हा मी उठून पातेलं लावलं." ओट्यावर ते भरलेलं पातेलं होतं.

मग त्यांनी त्या सगळ्या तुकड्यांच्या डोक्यावर पुन्हा 'नुसते वाचावे' लिहिलं, आणि बी विंगचं पाणी साडेसहावर आलं. हल्ली ते लेकीकडे पुण्याला गेले की वेळा मी बदलतो. तीन आकडे असतात, पण आधी चाळीस पानं वाचतो, मगच हुकूम देतो. वैताग येतो, वेळ फार जातो. शेवटच्या पानावर तर जरा जास्तच जातो.